विचारले म्हणून सांगितले

मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाने पोटासाठी काय करावे, याची एक यादी आपल्याकडे ठरून गेलेली आहे. प्रवेश कमी पडू लागले की दरवर्षी ती विभागाच्या फलकावर लागते: अध्यापन, पत्रकारिता, मुद्रितशोधन, भाषांतर, आकाशवाणी, जाहिरातलेखन, सूत्रसंचालन, स्पर्धा परीक्षा. दुसऱ्याचा बायोडाटा लिहून देणे हे काम या यादीत मी अजून कुठे पाहिलेले नाही. गेली काही वर्षे करकंबमध्ये राहून मी ते करते आहे, आणि त्याचे पैसे घेते. हे कळल्यावर आपल्या क्षेत्रातल्या माणसांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो, तो आता मला पाठ झाला आहे. ‘बाईंवर अशी वेळ यावी’ असा तो भाव असतो. त्यात सहानुभूती असते, हे मान्य. पण त्या सहानुभूतीच्या तळाशी एक समजूत असते, आणि ती मला चुकीची वाटते. बायोडाटा म्हणजे काही चार ठरीव वाक्ये, ती कुणीही टंकलिहावीत, त्यासाठी साहित्याचा अभ्यास कशाला, अशी ती समजूत.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. हे काम मराठीच्या माणसाचेच आहे. मात्र आपल्याकडे शब्द बरे असतात म्हणून नव्हे. शब्द बरे असलेल्या माणसांनीच या कामाची अधिक वाट लावली आहे, असे माझे मत झाले आहे.

सुरुवात 2020 च्या टाळेबंदीत झाली. पुण्याकडून, चाकण-रांजणगावकडून गावातली मुले परत आली. काही महिने गेल्यावर ती पुन्हा कामे शोधू लागली आणि अर्जासोबत ‘बायोडाटा पाठवा’ असे उत्तर त्यांना येऊ लागले. करकंब हे पंढरपूर तालुक्यातले मोठे गाव आहे. ऊस, द्राक्ष, डाळिंब, आणि बाजाराच्या दिवशी आसपासच्या वाड्यावस्त्यांची गर्दी. अशा गावात बायोडाटा झेरॉक्स-डीटीपीच्या दुकानात मिळतो. दुकानदाराच्या संगणकात एक फाईल असते. कधीकाळी कुणीतरी केलेली. तीत फक्त नाव, जन्मतारीख आणि टक्केवारी बदलायची. बाकी सारे तेच: उद्दिष्ट म्हणून इंग्रजीत एक लांबलचक वाक्य, गुण म्हणून ‘हार्डवर्किंग’, ‘ऑनेस्ट’, ‘टीम प्लेअर’, छंद म्हणून वाचन आणि क्रिकेट, शेवटी ‘वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र, स्थळ करकंब, दिनांक मोकळा. मी पाहिलेल्या पहिल्या दहा-बारा बायोडाटांमधल्या सगळ्या मुलांचे उद्दिष्ट एकच होते, आणि त्यांतल्या एकालाही ते वाक्य वाचून दाखवता आले नाही.

त्याच दुकानात, त्याच संगणकावर, दुसराही बायोडाटा तयार होतो. वर गणपती, खाली नाव, उंची, वर्ण, रास, गण, नाडी, देवक, मामाचे गाव, शेती किती एकर आणि बागायत किती, ‘नातेसंबंध’ या रकान्यात आडनावांची रांग, आणि अखेरीस अपेक्षा. मराठीत या दोन्ही कागदांना एकच शब्द आहे, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. लग्नाच्या बायोडाटात माणूस नात्यांच्या गोतावळ्यात इतका बुडालेला असतो की तो स्वतः काय करतो ते शोधावे लागते. नोकरीच्या बायोडाटात तो अचानक एकटा होतो, आईबाप, गाव, शेत सगळे गळून पडते, आणि उरतात ती तीन विशेषणे. दोन्हीकडे एक गोष्ट समान राहते. या माणसाने सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केले, हे कुठेच लिहिलेले नसते.

एका मुलीची गोष्ट सांगते. बी. ए. मराठी, आमच्याच भागातली. पंढरपुरातल्या एका पतसंस्थेत लेखनिकाची जागा निघाली होती. तिच्या कागदावर 2021 ला पदवी होती आणि त्यानंतर तीन वर्षे कोरी. मी विचारले, या तीन वर्षांत काय केलेस?

“काय नाय मॅडम, घरीच हुते.”

घरी म्हणजे काय करत होतीस?

“घरातलंच. आन् सकाळ-संध्याकाळ दुधाचं बघायचं.”

दुधाचे बघायचे म्हणजे? इथून पुढे दीड तास गेला. चुलत्यांच्या नावावर दूध संकलन केंद्र होते. पहाटे पाचला ते उघडायचे. नव्वदेक खातेदार. प्रत्येकाचे दूध मापायचे, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ पाहायची, पावती द्यायची, वहीत आणि संगणकात नोंद करायची, वास आलेले दूध परत करायचे आणि ते परत करताना भांडण होऊ द्यायचे नाही. दर दहा दिवसांनी बिले काढायची, त्यातून कुणाची उचल, कुणाचे पेंडीचे पैसे वजा करायचे, टँकरबरोबर गेलेल्या दुधाचा मेळ घालायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. तीन वर्षांत सुट्टी किती? “दूध कुठं सुट्टी घेतंय मॅडम.” हिशेबात चूक? एकदा झाली होती, चौदाशे रुपयांची, तिने ती दोन दिवस बसून शोधून काढली होती. ही मुलगी पतसंस्थेत लेखनिकाच्या जागेसाठी अर्ज करत होती आणि आपल्या कागदावर ‘वाचन, संगीत ऐकणे’ असे लिहून आली होती.

ती खोटे बोलत नव्हती. ‘घरीच होते’ हे तिचे प्रामाणिक उत्तर होते. आपल्या भाषेची घडणही त्यामागे आहे, असे मला वाटते. आमच्याकडे काम सांगताना कर्ता गाळायची रीत आहे. ‘हिशेब व्हायचा’, ‘वाटप व्हायचं’, ‘केलं आपलं’. विशेषतः बायकांच्या बोलण्यात ‘मी केले’ असे शुद्ध वाक्य ऐकायला मिळणे दुर्मीळ. पुरुष निदान ‘आम्ही’ म्हणतात. मुळात मराठीचे व्याकरणच कर्त्याला फारसे धार्जिणे नाही. भूतकाळातले सकर्मक क्रियापद कर्त्याकडे पाहतच नाही. ते पाहते कर्माकडे. मी हिशेब लिहिला, मी वही लिहिली, मी बिल लिहिले: लिहिणारी तीच, पण क्रियापद वळते ते कामाच्या लिंगवचनाप्रमाणे. (शिकणे, विसरणे, बोलणे अशी काही क्रियापदे अपवाद आहेत. ‘मी मराठी शिकले’ म्हणताना मात्र शिकणारी दिसते. वर्गात हा अपवाद शिकवताना मला नेहमी बरे वाटते.) इंग्रजी बायोडाटाची अपेक्षा नेमकी उलटी आहे. तिथे प्रत्येक ओळ ‘मी’ गृहीत धरून क्रियापदाने सुरू होते: चालवले, वाढवले, उभे केले. जे या भाषेत वाढले त्यांना ते सहज जमते. आमच्या मुलांना ती वाक्ये उसनी घ्यावी लागतात, आणि उसन्या वाक्यात आपले काम बसवता येत नाही म्हणून ती कामच गाळून टाकतात.

तेव्हा या धंद्याबद्दलचे माझे पहिले मत असे की तो विशेषणे विकतो आणि गिऱ्हाईकाला हवे असते क्रियापद. ते त्याच्याजवळ असतेच. फक्त ते कुणीतरी विचारून बाहेर काढावे लागते.

‘विचारणे’ हा शब्द मी जाणून वापरते आहे. स्वतःविषयी सांगण्याच्या दोन रीती आहेत, आणि दोन्हींची थोर उदाहरणे आहेत. पहिली लिओनार्दो दा विंचीची. 1482 च्या सुमारास मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाला उद्देशून त्याने एक पत्र सिद्ध केले. नोकरीचा पहिला बायोडाटा म्हणून त्याचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात त्याने दहा कलमे मांडली: हलवता येणारे पूल, तोफा, भुयारे, झाकलेले रथ, वेढ्याची साधने. आपण वास्तू उभारतो, शिल्प घडवतो आणि चित्रही काढतो, हे शेवटी, जाता जाता. समोरच्याला युद्धात रस आहे हे ओळखून मांडलेला तो कागद आहे, आणि तो कुणी न विचारता लिहिलेला आहे.

दुसरे उदाहरण तुकोबांचे. आपल्या आयुष्याचे वृत्त सांगणारा त्यांचा अभंग आपण सर्वांनी कधी ना कधी शिकलेला किंवा शिकवलेला असतो. त्याच्या आरंभीच तुकोबा म्हणतात की हे खरे तर बोलू नये, पण तुम्ही संतांनी विचारले म्हणून बोलतो. मग येते ती हकीगत वाचावी. जात सांगतात, व्यवसाय सांगतात. आईवडील गेल्यावर झालेले हाल सांगतात. दुष्काळात पैसा आणि मान दोन्ही गेले, एक बायको अन्न अन्न करीत मेली, धंदा बुडत गेला, या सगळ्याची लाज वाटली, हेही सांगतात. मग मोडके देऊळ दुरुस्त केले, एकादशीला कीर्तन सुरू केले पण सुरुवातीला अभ्यास नव्हता, संतांची काही वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. पुढे स्वप्नातला गुरूपदेश, कवित्वाची स्फूर्ती, मग निषेधाचा आघात आणि बुडवलेल्या वह्या.

मी हा अभंग वर्गात कित्येक वर्षे भक्तिकाव्य म्हणून शिकवला. बायोडाटा लिहू लागल्यावर तो मला निराळा दिसू लागला. त्यात स्वतःची स्तुती करणारे एकही विशेषण नाही. सगळी क्रियापदे आहेत. जे आजचा कुठलाही सल्लागार लपवायला सांगेल, म्हणजे दिवाळे, रिकामी वर्षे, आधी न येणारी गोष्ट, तेच तिथे क्रमाने आले आहे. आणि ‘मागे उभे राहून ध्रुपद धरले’ हे तर उमेदवारीचे इतके नेमके वर्णन आहे की कुठल्याही कारखान्यातल्या हेल्परने ते आपल्या कागदावर लिहावे. तुकोबांनी ते नोकरीसाठी सांगितले नव्हते, हे मला कळते. भक्तीच्या कवितेची बायोडाटाशी तुलना काहींना रुचणार नाही, तेही कळते. पण मला एवढेच म्हणायचे आहे की आपल्या परंपरेत स्वतःविषयी सांगायला हरकत नव्हती. न विचारता सांगायला संकोच होता. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात तर या जन्माचेच काय, आधीच्या बारा जन्मांचेही वृत्त मुलाला सांगितलेले आहे. करकंबची मुले लिओनार्दोच्या घराण्यातली नाहीत. ती विचारल्यावर सांगणाऱ्या घराण्यातली आहेत. त्यांच्याकडून न विचारता सांगण्याची अपेक्षा करायची, आणि ती सांगत नाहीत म्हणून ‘यांच्यात आत्मविश्वास नाही’ असे शेरे मारायचे, हा अन्याय आहे.

आपल्या अभ्यासक्रमांत ‘व्यावहारिक मराठी’, ‘उपयोजित मराठी’ अशा नावांनी हे सारे आले आहेच, असे कुणी म्हणेल. आले आहे, पण नमुना म्हणून. अर्जाचा नमुना, स्वपरिचयाचा नमुना, सात गुण. विद्यार्थी नमुना पाठ करतो, डीटीपीवाला नमुना साठवतो, दोघांत फरक काय? विचारण्याची कला शिकवणारा एकही तास मला त्यात आढळला नाही. गंमत म्हणजे ‘करिक्युलम’ हा शब्दच आपण ‘अभ्यासक्रम’ म्हणून घेतला आणि त्याच्या पुढचा ‘व्हिटे’, म्हणजे आयुष्याचा, हा शब्द झेरॉक्सच्या दुकानाकडे सोपवला.

जुन्या पत्रलेखनातही नमुने होतेच. मायने होते, कुणाला काय लिहावे याची दर्जानुसार शिस्त होती. पण त्यांतल्या वरिष्ठांना लिहायच्या नमुन्यांत लिहिणारा स्वतःला खाली ठेवी: सेवक, आज्ञाधारक, साष्टांग नमस्कार विनंती. त्याचे अवशेष अजून शिल्लक आहेत. आमच्याकडे आजही अर्ज ‘मे. साहेबांचे सेवेशी’ असा सुरू होतो आणि ‘आपला आज्ञाधारक’ असा संपतो, आणि त्याच पाकिटातला बायोडाटा ‘डायनॅमिक लीडर’ अशी ओळख करून देतो. एकाच पाकिटात एकाच माणसाची दोन सोंगे. यातले कुठले खरे असे विचारले तर कुठलेच नाही.

आता यंत्राविषयी. 2022 च्या अखेरीला चॅटजीपीटी आले आणि ‘मॅडम, तुमचा धंदा बुडाला’ असे मला एका विद्यार्थ्याने हसत सांगितले. तो पूर्ण चुकला नव्हता. नुसते इंग्रजी सुधारून घेणारी गिऱ्हाइके गेली, त्यांना आता कुणाची गरज उरलेली नाही, आणि ते ठीकच आहे. मोठ्या कंपन्यांत आलेला कागद आधी यंत्रच चाळते, जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का ते पाहते, म्हणून रकाने, चौकटी, चित्रे नकोत, साधी मांडणी हवी, हे तांत्रिक ज्ञानही आता फुकट मिळते. पण त्या दूध केंद्रावरच्या मुलीने यंत्राला काय सांगितले असते? ‘तीन वर्षे घरी होते’. यंत्राने त्याचे सुबक इंग्रजी करून ‘करिअर ब्रेक’ असे दिले असते. फॅट कमी लागल्यावर खातेदार काय बोलतो आणि त्याला काय उत्तर द्यावे लागते, हे ज्याला ठाऊक आहे तोच ‘दुधाचं बघायचं’ या दोन शब्दांपाशी थांबतो. उद्या यंत्रही थांबायला शिकेल कदाचित. तोवर मी थांबते.

खोट्याचा प्रश्न येतोच. चाकणला पाच वर्षे काढलेला एक मुलगा आला होता. पाच वर्षांत तीन ठेकेदार, जागा मात्र तीच, यंत्र तेच, कंपनीचे फाटकही तेच. त्याला कागदावर कंपनीचे नाव हवे होते. ओळखपत्र ठेकेदाराचे. कंपनीचे नाव लिहिले तर खोटे, न लिहिले तरी एका अर्थाने खोटेच, कारण त्याने पाच वर्षे ज्या गाडीचे भाग जोडले ती काही ठेकेदाराची नव्हती. आम्ही दोन्ही लिहिले: अमुक ठेकेदारामार्फत, तमुक कारखान्यात. तो नाराज होऊन गेला. अनुत्तीर्ण पदविकेपुढे नुसते वर्ष घालून ती उत्तीर्ण भासवा, असे सांगणाऱ्या दोघांना मी परत पाठवले. खोटे दाखले जोडून मागणाऱ्यांना काय सांगावे लागते ते सांगत बसत नाही. याउलट साधी, निरुपद्रवी वाटणारी अडचण म्हणजे विद्यापीठाचे नाव. 2004 मध्ये सोलापूर विद्यापीठ झाले, त्याआधीचे आम्ही शिवाजी विद्यापीठाचे. 2019 पासून नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. मुले कुठलेही नाव कुठेही लिहितात आणि पडताळणीत अडकतात. प्रमाणपत्रावर छापले आहे तेच नाव लिहावे, एवढा साधा नियम सांगायलाही कुणीतरी लागतो.

पण खोट्याविषयी बोलताना आपण प्राध्यापक मंडळींनी फार ताठ बसू नये. मुलांच्या ‘हार्डवर्किंग’ला आपण हसतो. आपले बायोडाटा कधी चाळले आहेत? 2010 च्या यूजीसी नियमांनी आपल्या कामाला गुण लावले, एपीआय आले, आणि बघता बघता वीस-वीस पानांचे बायोडाटा तयार झाले. गावच्या चर्चासत्राला शेजारच्या देशातून एक निबंध आला की ते ‘आंतरराष्ट्रीय’. शुल्क भरून छापलेले शोधनिबंध, स्वखर्चाचे संपादित ग्रंथ, एकाच प्रबंधाची सहा प्रकरणे सहा नियतकालिकांत. अशा नियतकालिकांना आळा घालायला केअर यादी आली, आणि 2025 मध्ये ती मागेही घेतली गेली. एका सहकाऱ्यांनी मला त्यांचा बायोडाटा ‘नीट करून’ द्यायला सांगितला होता. मी तुकोबांचा अभंग शिकवते तसे त्यांना विचारले: यातले तुम्ही केलेले काय, आणि तुमच्याकडून झालेले काय? ते रागावले. वीस पानांत त्यांनी एका आदिवासी वसतिगृहातल्या मुलांसाठी आठ वर्षे चालवलेल्या वाचनवर्गाचा उल्लेख नव्हता. त्याला गुण नाहीत ना.

पैशाविषयी बोलायला हवे, कारण ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणवून घ्यायचे तर ते टाळता येत नाही. फ्रीलान्स या शब्दाचा उगम आपल्याला वाटतो तितका सोज्वळ नाही. वॉल्टर स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’त तो वापरला तो भाडोत्री भालाईतांसाठी. आपल्याकडे त्याला शब्द तयार आहे: शिलेदार. बारगीराला घोडा सरकारी पागेतला, शिलेदाराचा स्वतःचा. मान शिलेदाराला अधिक, पण घोडा मेला तर तोही त्याचाच. माझा घोडा म्हणजे एक जुना संगणक आणि फोन. माझ्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांकडून मी पैसे घेत नाही. गावातल्या इतरांकडून दोनशे रुपये, पुण्या-मुंबईच्या लोकांकडून त्याच्या पाचपट. त्यात संसार चालत नाही, पण उन्हाळ्याचे तीन महिने निघतात.

उन्हाळ्याचे तीन महिने, कारण मी तासिका तत्त्वावर शिकवते. जेवढे तास तेवढे पैसे, आणि सत्र संपले की नेमणूक संपते. जुलैच्या आसपास पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच सद्गृहस्थ समोर. अशी चौदा वर्षे झाली. (पूर्णवेळ मान्यताप्राप्त प्राध्यापकांवर खाजगी व्यवसायाची बंधने असतात. ती माझ्यावर नाहीत. स्वातंत्र्य म्हणतात ते हेच असावे.) इतरांचे बायोडाटा लिहिणाऱ्या माझ्या स्वतःच्या कागदावर त्यामुळे चौदा ओळी आहेत, एकाच ठिकाणच्या, एकाच कामाच्या, आणि प्रत्येक दोन ओळींमध्ये एप्रिल ते जून असे एक भोक. ही चौदा वर्षे एका ओळीत लिहिली तर ते खोटे ठरेल का, हे मी कायदा जाणणाऱ्या एकाला विचारले. तो म्हणाला, सलग नाही, तेव्हा सलग लिहू नका. मी नाही लिहीत. त्या चाकणच्या मुलाला मी जे करायला लावले, तेच मी स्वतः करते, आणि तो का नाराज झाला हेही मला चांगले समजते.

मुलीच्या कागदाचे पुढे काय झाले ते राहिले. आम्ही इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही कागद केले. तीन वर्षांच्या जागी पाच ओळी आल्या: रोज दोन वेळा सुमारे नव्वद खातेदारांच्या दुधाची तपासणी आणि नोंद, दर दहा दिवसांनी बिले, उचल व पशुखाद्याची वजावट, टँकरशी मेळ, तक्रारी. पण पतसंस्थेला अनुभवाचा दाखला हवा होता. मी तिच्याबरोबर चुलत्यांकडे गेले. ते सज्जन आहेत, चहा दिला, आणि म्हणाले, “मॅडम, घरच्या पोरीला कसला दाखला? आन् आम्ही तिला पगार कुठं दिलाय? पगार न्हाई तर नोकरी कसली?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तर्काने त्यांचे बरोबरच होते. ती मुलगी खाली बघत होती.

दाखला मिळाला नाही. मग आम्ही दाखल्याचा हट्ट सोडला आणि ‘संदर्भासाठी’ या रकान्यात केंद्रावरच्या एका जुन्या खातेदाराचे नाव घातले. सत्तरीचे शेतकरी, दोन म्हशी, आणि फॅटवरून रोज तिच्याशी भांडणारे. त्यांना विचारायला तीच गेली. पतसंस्थेतून खरोखरच त्यांना फोन आला. त्यांनी काय सांगितले ते त्यांनीच नंतर चौकात सगळ्यांना ऐकवले: “म्हणलं, हिशेबाला पक्की हाय. माझी फॅट कायम कमी लावायची, पर वहीत एक रुपया इकडचा तिकडं न्हाई.”

ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. आता तिने टेंभुर्णीच्या एका शीतगृहात अर्ज केला आहे. त्यासाठी कागदात एक ओळ वाढवायची होती, म्हणून परवा ती आली होती. बसल्याबसल्या म्हणाली, “मॅडम, यात्रेत चार दिवस दूध जास्त लागायचं, तवा मी दोन पोरं हाताखाली घेतली हुती. ते लिवायचं का?” या वेळी मी काही विचारलेले नव्हते.